मार्गोटची धाकटी बहीण

५ जुलै १९४२. वार रविवार. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरात फ्रँक नावाच्या ज्यू कुटुंबाच्या दारी दुपारी एक सरकारी हुकूम येऊन थडकला. जर्मनीत मजूर छावणीवर कामाला हजर व्हावे, असा तो हुकूम होता. घरात दोन मुली होत्या. हुकूम होता थोरलीच्या नावाने, मार्गोटच्या. तिला सोळावे वर्ष पुरे होऊन पाच महिनेही झाले नव्हते. धाकटी घाबरेल म्हणून मार्गोटने तिला आधी सांगितले, की बोलावणे बाबांना आले आहे. मग दोघी आपल्या खोलीत एकट्या बसल्या असताना तिने खरे काय ते सांगून टाकले. धाकटी रडू लागली. ही धाकटी म्हणजे ॲन फ्रँक!

ॲन फ्रँकचे नाव आज जगात कुणाला ठाऊक नाही? तिच्या रोजनिशीची भाषांतरे जगातील सत्तरहून अधिक भाषांत झाली आहेत. मराठीतही झाले आहे. मी ती आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयातून घेऊन वाचली आणि मुदत संपल्यावर पुन्हा एकदा मागून आणली. पण एक गोष्ट मला दोन्ही वाचनांत सतत जाणवत राहिली. त्या घराला अज्ञातवासात जावे लागले ते थोरल्या बहिणीच्या नावाच्या कागदामुळे. तुरुंगात, छावण्यांत, शेवटच्या आजारात ॲनच्या सोबत होती ती हीच थोरली बहीण. आणि तरी तिच्याविषयी लिहिले जाते ते ओळ-दोन ओळीच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, सातवीनंतर शाळा सोडली. खुरपायला जाऊन तिने माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे भरले. त्यामुळे असेल कदाचित, पण ॲनची कथा वाचताना माझी नजर सारखी मार्गोटला शोधत राहते. म्हणून ॲनचे चरित्र लिहिताना मी दोघी बहिणींना वेगळे करणार नाही. मृत्यूनेसुद्धा त्यांना फार दिवस वेगळे ठेवले नाही.

वडील ओटो फ्रँक हे मूळचे जर्मनीतील फ्रँकफुर्टचे. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात लढले होते आणि लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत चढले होते. ज्या देशासाठी त्यांनी छातीवर गोळ्या झेलण्याची तयारी ठेवली, त्याच देशाने पुढे त्यांच्या मुलींचा घास घेतला. आई एडिथ आखेन गावच्या होलेंडर घराण्यातली. मार्गोटचा जन्म १६ फेब्रुवारी १९२६ चा आणि ॲनचा १२ जून १९२९ चा. दोघी फ्रँकफुर्टलाच जन्मल्या. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरच्या हाती जर्मनीची सत्ता आली आणि ज्यूंवर बंधनांचा वर्षाव सुरू झाला. ओटोंनी त्याच वर्षी हॉलंडची वाट धरली. जॅम घट्ट होण्यासाठी जे पेक्टिन वापरतात त्याचा व्यापार त्यांनी ॲमस्टरडॅमला सुरू केला. डिसेंबरात एडिथ व मार्गोट आणि १९३४ च्या फेब्रुवारीत चिमुकली ॲन तिथे पोचली.

ज्यू म्हणजे नेमके कोण, हे आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसते. पण आपल्या कोकणात, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला, शतकानुशतके ज्यू राहत आले. तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. घरी मराठी बोलणारे हे बेने इस्रायली लोक. त्यांच्या शनिवारच्या सुट्टीचा कुणाला राग आल्याचे ऐकिवात नाही. जर्मनीत मात्र शाळेत जाणाऱ्या पोरीसुद्धा राष्ट्राच्या शत्रू ठरल्या.

हॉलंडमधील पहिली काही वर्षे सुखाची गेली. मुली डच भाषा शिकल्या, मैत्रिणी मिळाल्या. मार्गोट अभ्यासात हुशार, शांत, नीटनेटकी. ॲन बडबडी, हट्टी, वर्गात बोलल्याबद्दल शिक्षा म्हणून निबंध लिहावा लागणारी. थोरलीचे कौतुक ऐकून धाकटीला वाटणारा मत्सर रोजनिशीच्या कितीतरी पानांवर उमटला आहे. (घरोघरी मातीच्या चुली, दुसरे काय!)

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या आणि पाच दिवसांत देश शरण गेला. मग एकेक हुकूम सुटू लागला. ज्यूंनी ट्राममध्ये बसायचे नाही. सायकली सरकारजमा करायच्या. रात्री आठनंतर घराबाहेर पडायचे नाही. बागेत, नाटकाला, सिनेमाला जायचे नाही. मुलांनी फक्त ज्यू शाळेत शिकायचे. मे १९४२ पासून प्रत्येकाच्या कपड्यावर पिवळा तारा आला. ओटोंनी अमेरिकेला जाण्याची खटपट केली, अर्ज केले, ओळखी लावल्या. परंतु दरवाजे बंद होत गेले. तेव्हा त्यांनी प्रिन्सेनग्राख्ट २६३ या आपल्या कचेरीच्या मागील अंगाच्या खोल्यांत गुपचूप सामान हलवायला सुरुवात केली.

१२ जून १९४२ ला, तेराव्या वाढदिवशी, ॲनला लाल-पांढऱ्या चौकडीची एक वही मिळाली. तिलाच ती मैत्रीण समजून पत्रे लिहू लागली. यानंतर तीन आठवड्यांनी मार्गोटच्या नावाने तो कागद आला. हजर झालो नाही तर सगळ्या घराला अटक होणार, आणि हजर झालो तर मुलगी परत दिसेल याची खात्री नाही! सोळा जुलैला लपायला जायचे आधीच ठरले होते, ते दहा दिवस अलीकडे ओढावे लागले.

६ जुलैची सकाळ पावसाची होती. आधी निघाली मार्गोट. तिने सायकल सरकारला दिली नव्हती. कपड्यावर तारा न लावता, त्या बंदी असलेल्या सायकलवरून ती कचेरीतील मीप गीस या बाईंच्या सोबत भर रस्त्याने गेली. कुणी अडवले असते तर? या मुलीला मुखदुर्बळ म्हणणारांनी हा प्रवास एकदा आठवून पाहावा, असे मला वाटते. ॲन आईवडिलांबरोबर अंगावर कपड्यांवर कपडे चढवून पायी गेली, कारण ज्यू माणूस हातात पेटी घेऊन निघाला की संशय येई.

आठवड्याभराने व्हान पेल्स पतीपत्नी व त्यांचा मुलगा पीटर आले आणि नोव्हेंबरात फ्रिट्झ फेफर हे दंतवैद्य. अशी आठ माणसे त्या खोल्यांत पंचवीस महिने राहिली. पुस्तकांचे एक कपाट बिजागऱ्यांवर बसवून दार झाकले होते. खाली कामगार असत तोवर नळ सोडायचा नाही, खोकायचे नाही, अनवाणी चालायचे. मीप व त्यांचे पती यान, बेप व्होस्काउल, कुग्लर आणि क्लाइमन ही मंडळी धान्य, भाजी, पुस्तके आणीत. पकडले गेल्यास काय होईल हे त्यांना पुरते ठाऊक होते.

या काळाविषयी सर्वांनी वाचलेले असते, म्हणून मी विस्तार करत नाही. फक्त मार्गोटच्या दोन गोष्टी सांगते. त्या कोंडवाड्यात ती टपालाने लॅटिन शिकली! अभ्यासाचे कागद बेपच्या नावाने जात आणि येत. पुढे पॅलेस्टाइनला जाऊन बाळंतपणाची नर्स होण्याचे तिच्या मनात होते. दुसरी गोष्ट, मार्गोटही रोजनिशी लिहीत असे. ॲनच्या वहीतच तसा उल्लेख आहे. ती वही कधी सापडली नाही. १९४४ च्या मार्चमध्ये ॲन व पीटर यांचे सूत जुळू लागले तेव्हा मार्गोटने बहिणीला एक पत्र लिहून आपल्या मनात मत्सर नसल्याचे कळवले. ॲनने ते वहीत उतरवून घेतले, म्हणून ते तरी आपल्यापर्यंत पोचले.

त्याच मार्चमध्ये लंडनहून डच रेडिओवर मंत्री बोल्केस्टाइन यांनी आवाहन केले, की युद्धकाळातील सामान्य माणसांच्या रोजनिश्या व पत्रे नंतर गोळा करावयाची आहेत. ॲनच्या मनाने उचल घेतली. मे महिन्यापासून ती सगळी रोजनिशी सुट्या कागदांवर नव्याने लिहू लागली; पुस्तकाचे नावही तिने योजून ठेवले. पंधरा वर्षांची पोर आपलेच लिखाण खोडते, कापते, पुन्हा लिहिते! आपण परीक्षेचा पेपरसुद्धा एकदा लिहिल्यावर पुन्हा वाचत नाही.

१ ऑगस्ट १९४४ ही रोजनिशीतील शेवटची तारीख. ४ ऑगस्टला सकाळी पोलीस आले. कुणी चहाडी केली, की छापा दुसऱ्याच कारणाने पडला, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. आठही जणांना आणि कुग्लर व क्लाइमन यांना पकडून नेले. जमिनीवर विखुरलेले ॲनचे कागद मीप व बेप यांनी गोळा केले आणि मीपबाईंनी ते न वाचता टेबलाच्या खणात ठेवून दिले. वाचले असते तर जाळावे लागले असते, असे त्या पुढे सांगत. कारण मदत करणाऱ्या सर्वांची नावे त्यात होती.

ॲनची वही इथे संपते आणि पुष्कळांच्या लेखी तिची कथाही. पण ती यानंतर आणखी सहा-सात महिने जगली. ते कसे, हे आपल्याला ठाऊक आहे ते बरोबरच्या ज्या बायका वाचल्या, त्यांच्या तोंडून.

८ ऑगस्टला फ्रँक कुटुंबाला वेस्टरबोर्क या हॉलंडमधल्याच छावणीत नेले. हुकूम मोडून लपून राहिले, म्हणून ते गुन्हेगार; त्यांना शिक्षेच्या बराकीत टाकले. तिथे बायकांना काम होते जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे. छिन्नी-हातोडीने बॅटरी फोडायची, आतील डांबर एकीकडे, कोळशाची कांडी दुसरीकडे, धातूचे टोपण तिसरीकडे. दिवसभर काळी पूड नाकातोंडात जाई आणि खोकल्याची उबळ थांबत नसे. तरीसुद्धा त्या दिवसांत ॲन आनंदी दिसे, असे तिला पाहणाऱ्यांनी सांगितले आहे. पंचवीस महिन्यांनी तिच्या डोक्यावर उघडे आकाश होते!

३ सप्टेंबर १९४४ रोजी वेस्टरबोर्कहून आउश्वित्झला शेवटची गाडी सुटली. तिच्यात १०१९ माणसे होती, गुरांच्या डब्यांत कोंबलेली. प्रवास तीन दिवसांचा. पोचल्यावर रात्रीच पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. ओटोंनी आपल्या मुलींना त्या रात्रीनंतर पुन्हा पाहिले नाही. पंधरा वर्षांखालची मुले, म्हातारी, आजारी अशा शेकडो माणसांना कामाला निरुपयोगी ठरवून विषारी वायूने मारण्यात आले. ॲनला पंधरा पुरे होऊन तीन महिनेही झाले नव्हते. तेवढ्या दिवसांनी ती वाचली.

बिर्केनाउच्या बायकांच्या छावणीत डोकी भादरली, हातावर नंबर गोंदले. काम म्हणजे दगड वाहणे आणि गवताची ढेकळे खणणे. त्या कामाला काही अर्थही नसे. पहाटे आणि संध्याकाळी तासन् तास हजेरीला उभे राहायचे. आई आणि दोघी मुली या काळात एकमेकींना सोडून राहत नसत. घरी असताना ज्या आईशी ॲनचे पटत नव्हते, जिच्याविषयी तिने वहीत फार कडू लिहिले, त्याच आईचा तिला आता आधार होता. एडिथ आपल्या वाट्याचा पाव मुलींना देई.

मग ॲनच्या अंगावर खरूज उठली. खरजेच्या बायकांना वेगळ्या बराकीत डांबत, तिथे ना औषध, ना पुरेसे अन्न. ॲनबरोबर मार्गोटही त्या बराकीत गेली. बाहेर आई वेडीपिशी झाली. तिने व एका मैत्रिणीने भिंतीच्या बुडाशी माती उकरली आणि त्या बिळातून पाव आत सरकवला. मार्गोटने तो आतून घेतला आणि बहिणीला वाटून दिला. ऑक्टोबरच्या अखेरीस काही बायकांना आउश्वित्झबाहेर कारखान्याच्या कामावर पाठवले गेले. तिथे गेलेल्यांतील कित्येक जणी वाचल्या. फ्रँक मायलेकींनाही ही संधी होती, परंतु ॲन खरजेने आजारी म्हणून तिला घेणार नव्हते, आणि तिला सोडून जायला आई व मार्गोट तयार झाल्या नाहीत, असे वाचलेल्या सोबतिणींनी सांगितले आहे. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. त्या क्षणी मार्गोटला वयाची जेमतेम अठरा वर्षे पुरी झाली होती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोघी बहिणींना जर्मनीतील बर्गेन-बेल्सेन छावणीत हलवले. आईला मागेच ठेवले. ६ जानेवारी १९४५ रोजी एडिथ आउश्वित्झमध्ये आजाराने व उपासमारीने गेली. मुलींना ते कळले नाही.

बर्गेन-बेल्सेनला विषारी वायूच्या खोल्या नव्हत्या. तिथे मरायला उपासमार, थंडी आणि रोगराई पुरेशी होती. नव्याने आलेल्यांना तंबूत ठेवले होते. ७ नोव्हेंबरच्या रात्री वादळ झाले, तंबू बायकांच्या अंगावर कोसळले. याच छावणीत दुसऱ्या दोन डच ज्यू बहिणी होत्या, यानी आणि लीन ब्रिलेस्लाइपर. युद्धकाळात गुप्तपणे प्रतिकाराचे काम केलेल्या, वयाने मोठ्या. वेस्टरबोर्कपासून त्यांची ओळख होती. दोन जोड्या बहिणी एकमेकींच्या आसऱ्याने राहू लागल्या. त्यांना काम मिळाले जुन्या बुटांचे तळ उसवण्याचे. थोडे रस्सापाणी आणि पावाचा तुकडा मिळे. पण त्या चामड्याने बोटे रक्तबंबाळ होत आणि जखमा चिघळत. रात्री काळोखात या चौघी जणी गोष्टी सांगत आणि परत गेल्यावर काय काय खायचे त्याचे बेत करत.

हिवाळा वाढला तशी पूर्वेकडील छावण्यांतून हजारो माणसे तिथे येऊन पडू लागली. पाणी संपले, अन्न संपले, उवांतून टायफसची साथ पसरली. फेब्रुवारीच्या सुमारास कुंपणाच्या पलीकडील भागात ॲनची बालमैत्रीण हानेली गोस्लार असल्याचे समजले. कुंपणात गवत भरलेले होते, त्यामुळे नुसता आवाज ऐकू येई. ॲन तिच्याशी बोलायला आली. मार्गोट अंथरुणावरून उठू शकत नव्हती. आपले आईवडील दोघेही मेले, या समजुतीत ॲन होती आणि आता आपले कुणी उरले नाही म्हणून रडत होती. प्रत्यक्षात ओटो जिवंत होते! २७ जानेवारीलाच रशियन सैन्याने आउश्वित्झ मोकळे केले होते. पण हे त्या कुंपणापाशी सांगणार कोण? हानेलीने स्वतःच्या वाट्याचे खाणे गाठोड्यात बांधून कुंपणावरून फेकले. ते अंधारात दुसऱ्याच एका भुकेल्या बाईने पळवले. दुसऱ्या वेळी फेकलेले गाठोडे ॲनच्या हाती लागले.

शेवटी दोघींनाही टायफस झाला. त्यांचा माचा बराकीच्या दारापाशी होता. दार उघडले की गारठा अंगावर येई. ॲनने उवांना कंटाळून अंगावरचे कपडे फेकून दिले होते आणि ती एका घोंगडीत गुंडाळून बसे, असे यानीने पाहिले. आधी मार्गोट गेली. ती माच्यावरून खाली पडली आणि उठली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ॲन गेली. सरकारी कागदात त्यांच्या मृत्यूची तारीख बरीच वर्षे ३१ मार्च १९४५ अशी धरली जाई. २०१५ साली झालेल्या संशोधनानुसार त्या फेब्रुवारीतच गेल्या असाव्यात. १५ एप्रिलला इंग्रज सैन्य त्या छावणीत पोचले तेव्हा हजारो प्रेते न पुरता पडलेली होती.

हॉलंडमधून एक लाखाहून अधिक ज्यूंना छावण्यांत नेले होते. परत आले ते सुमारे पाच हजार. त्या खोल्यांत लपलेल्या आठांपैकी एकटे ओटो आले. ओडेसाहून बोटीने मार्सेय आणि तिथून ३ जूनला ॲमस्टरडॅम, असा त्यांचा प्रवास. पत्नी गेल्याचे वाटेतच समजले होते. मुलींसाठी ते स्टेशनवर, कचेऱ्यांत, परतलेल्या माणसांच्या घरी चौकशी करत हिंडत राहिले. जुलैमध्ये ब्रिलेस्लाइपर बहिणींकडून खरे काय ते समजले. तेव्हा मीपबाईंनी खण उघडला आणि ते कागद त्यांच्या स्वाधीन केले.

२५ जून १९४७ रोजी रोजनिशी डच भाषेत छापून निघाली. पहिली आवृत्ती तीन हजारांच्या आसपास प्रतींची. १९५२ मध्ये इंग्रजी भाषांतर झाले, १९५५ मध्ये नाटक आले आणि १९६० साली ते घर लोकांसाठी खुले झाले. ओटोंनी आधी काही मजकूर गाळला होता, विशेषतः आईविषयीचा. १९८६ मध्ये निघालेल्या अभ्यासकांच्या आवृत्तीने ॲनचे दोन्ही खर्डे लोकांपुढे ठेवले. ओटो १९ ऑगस्ट १९८० रोजी स्वित्झर्लंडमध्ये वारले. जगभरातून मुलांची पत्रे त्यांना येत आणि ते उत्तरे लिहीत.

बर्गेन-बेल्सेनला दोघी बहिणींच्या नावाचा एक दगड उभा आहे. त्या नेमक्या कोणत्या खड्ड्यात पुरल्या गेल्या याचा पत्ता नाही, म्हणून तो नुसताच उभा केलेला आहे. त्यावर आधी मार्गोटचे नाव आहे आणि त्याखाली ॲनचे.